सरकी गप्प बसायची तेव्हा

आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. भांडण नसायचं, राग नसायचा, पण "नमक दे गे" एवढंसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात. कारण एकच, कापूस पिंजायचं मशीन. उचगावात रस्त्याला लागून अब्बांचं गाद्यांचं दुकान, त्याच्या मागं आमचं दोन खोल्यांचं घर आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीला टेकून ते मशीन. सकाळच्या चहानंतर भुर्रर्र करत सुरू व्हायचं ते दिवेलागणीलाच थांबायचं. पिंजलेल्या कापसाचे बारीक तंतू तरंगत घरात यायचे. अम्मी प्रत्येक भांड्यावर फडकं टाकून स्वयंपाक करायची, तरी अख्ख्या मसुराच्या आमटीत एखादा तंतू निघायचाच, आणि अब्बा तो बोटानं बाजूला काढून म्हणायचे, "अपनेच घर का है." आम्हां घरच्यांना त्या आवाजात गाढ झोप लागायची. गडमुडशिंगीची मावशी मात्र राहायला आली की दुसऱ्याच दिवशी डोकं धरून परत जायची. अब्बांची आणखी एक गंमत होती. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण राग आला की अब्बा मराठीत यायचे. मला "जैबू, पानी ला गे" म्हणाले म्हणजे सगळं ठीक आहे, आणि "जैबू, पाणी आण" म्हणजे आपल्या हातून काहीतरी झालंय, हे आम्ही ओळखून असायचो.

बारावी झाली आणि मी गावातल्या बालवाडीत सकाळची मदतनीस म्हणून जायला लागले. सरकीचा जन्म तिथला. सरकी म्हणजे म्हशीची रेडी, हातात घालायची बाहुली. अब्बांची मोडकी छत्री उकिरड्यावर जायच्या आत मी तिचं काळं कापड फाडून घेतलं. ते ओल्या म्हशीच्या पाठीसारखं चकाकायचं. कानांना आतून गादीपाट, म्हणजे गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड लावलं, डोळ्यांना जुन्या कोटाची दोन मोठी बटणं आणि डोक्यात अर्थातच आमच्या दुकानातला कापूस. नाव अम्मीनं ठेवलं. कापसातून निघते ती सरकी आमच्या घरची, आणि तीच गावच्या म्हशींच्या घमेल्यात जाते, म्हणून सरकी. अब्बांनी तिच्याकडं एकदा वरून खाली बघितलं आणि चक्क मराठीत विचारलं, "ही दूध देत न्हाय, शेण देत न्हाय. मग पाळायची कशाला?"

सरकीला काही म्हणजे काही येत नव्हतं, आणि हीच तिची खुबी. ती तीन शेंगा बघून सात म्हणायची, चप्पल कानात घालायची, हात न धुता जेवायला बसायची. माझ्यासमोर तोंड न उघडणारी पोरं तिच्या चुका बघून खवळायची आणि तिला शिकवायला धावायची. फक्त एक पथ्य पाळावं लागायचं. प्रश्न विचारला की सरकीनं गप्प बसायचं. कान वर, बटणं समोर आणि हलायचं नाही. लगेच पुढं गेलं तर पहिल्या ओळीतली दोन हुशार पोरं उत्तर देऊन मोकळी होतात. थांबलं तर मागं भिंतीला टेकलेल्यांची तोंडं हळूहळू हलायला लागतात. मला ते बघायला फार आवडायचं, कारण शाळेत मी त्याच भिंतीला टेकलेली होते. उत्तर यायचं, पण घरची भाषा एक, शाळेची दुसरी, ते तोंडापर्यंत यायला वेळ लागायचा आणि तोवर बाई पुढं सरकलेल्या असायच्या. मी तेव्हाच ठरवलं होतं की मी थांबणार.

त्याच सुमारास आमच्या दुकानावरच्या माडीवर केबल आली. गावातला दिनूदादा लग्नाच्या शूटिंगचा आणि व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायचा धंदा करायचा. त्यानं माडी भाड्यानं घेतली, पत्र्यावर डिशची भली मोठी छत्री बसवली आणि गावभर खांबाखांबावरून काळी वायर ओढली. अब्बांना दुकानात एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि फुकट कनेक्शन मिळालं. टीव्ही फळीवर धूळ खात बसला, कारण मशीनपुढं त्याचं ऐकणार कोण? दिनूदादाकडं एक चॅनल रिकामा होता. त्यावर तो वाढदिवसाच्या शुभेच्छा, कापड दुकानाच्या जाहिराती आणि दुपारचा पिक्चर दाखवायचा. एकदा भाचीला न्यायला बालवाडीत आला आणि सरकीनं दात घासायची पेस्ट भाकरीला लावलेली बघून दारातच हसत उभा राहिला.

"जैबू, ह्ये टीव्हीवर लावूया की," तो म्हणाला.

"टीव्हीवर? कोण बघणार?"

"आगं गाव बघंल. चार वाजता पोरं मोकळीच असत्यात. तू फक्त ही म्हस घिऊन माडीवर ये."

त्या रात्री मला झोप आली नाही. टीव्हीवर म्हणजे दिल्ली-मुंबईची माणसं यायची, पावडर लावून, कडक इस्त्रीत. आणि आता त्याच काचेत अब्बांच्या छत्रीचं कापड दिसणार! माडीवर आम्ही लोखंडी कॉट एका कडेवर उभी केली, तिच्यावर गादीपाटाचा पडदा टाकला आणि मी पडद्यामागं उकिडवी बसून हात वर केला. कॅसेट वाया जायला नको म्हणून सगळं थेट चालायचं. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला, दिनूदादानं बोट वर केलं आणि खालून मशीनची भुर्रर्र अशी आली की सरकीचं तोंड नुसतं हलत राहिलं. दिनूदादा जिना उतरून अब्बांच्या विनवण्या करायला पळाला. शेवटी ठरलं की चार ते साडेचार मशीन बंद. "अर्ध्या घंट्याचं काम बुडतंय माझं, ते बी म्हशीपायी," अब्बा म्हणाले, मराठीत. पण शब्दाला पक्के. चाराच्या ठोक्याला मशीन थांबायचं आणि गल्लीतल्या बायका चहाचं आधण ठेवायच्या. त्या अर्ध्या तासात अब्बा कुठं असतात, ते मला कधी कळलं नाही. मी वर, पडद्यामागं. अम्मीला विचारलं तर ती म्हणायची, "जाते होंगे चाय कू." सरकीविषयी ते बरंवाईट काही बोलायचे नाहीत. मीही विचारायची नाही. पण खूप वाटायचं हो, की त्यांनी एकदा तरी बघावं.

ते दिवस आठवले की आजही माझा उजवा खांदा शिवशिवतो. सकाळी बालवाडी, दुपारी घाईघाईनं भाकरी आणि कांदा-लसूण चटणी, मागून अम्मीची हाक "अगे, खाके तो जा", आणि मी हातात सरकी घालून जिना चढतेय. आज काय चुकवायचं हे मला जिन्यातच सुचायचं. कधी सरकीनं उन्हाळ्यात घोंगडं पांघरायचं, कधी लाल टोमॅटोला पिवळा म्हणायचं. टोमॅटो लाल आहे हे ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर कसं कळणार, हे आमच्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले, ते सोडा. आता माझा नातू मोबाइलवर कार्टून बघतो. त्यातलं अस्वल प्रश्न विचारतं आणि डोळे मिचकावत थांबतं. मी सुनेला सांगते की ही युक्ती उचगावची आहे, आमच्या म्हशीची. ती हसते. तिला वाटतं सासूबाई थापा मारतात.

पडद्यामागं एकच खंत होती. बालवाडीत थांबलं की तोंडं दिसायची. इथं थांबलं की समोर गादीपाटाची उलटी बाजू. सरकी विचारायची, "सांगा बघू, किती शेंगा उरल्या?" आणि मी श्वास धरून हात वर ठेवून बसायची. पलीकडं कुणी उत्तर देतंय का? का नुसतीच माझी म्हैस भिंतीकडं बघत बसलीय? बालवाडीतल्या पोरांना विचारून उपयोग नव्हता, ती कशालाही हो म्हणतात. "काल सरकीला उत्तर दिलंत?" "होऽऽ." "काल घरी हत्ती जेवायला आला होता?" "होऽऽ."

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. टीव्हीतलं माणूस गप्प बसतं हे तोवर गावानं पाहिलंच नव्हतं. टीव्ही बोलायचा, गायचा, मारामारी करायचा; गप्प बसला म्हणजे बिघडला. सरकीनं प्रश्न विचारून कान वर केले की घरोघरी माणसं उठून वायर हलवायची, टीव्हीच्या डोक्यावर थापट्या मारायची. तोवर सरकी पुन्हा बोलायला लागायची आणि त्यांची खात्रीच पटायची की थापटीनं चालू झाला. माडीवरचा फोन खणखणायचा आणि दिनूदादाचा लाइनमन पोपट सायकलला शिडी अडकवून निघायचा. सरकीच्या त्या अर्ध्या तासात तो कुठल्या ना कुठल्या खांबावर असायचाच.

एका शनिवारी कार्यक्रम संपला आणि दिनूदादानं कॅमेरा बाजूला ठेवून गॉगल काढला. गॉगल काढला म्हणजे काम गंभीर.

"जैबू, आता बास. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं आज टीव्हीला अशी थापटी हाणली की ट्यूबच गेली. भरून दे म्हणतोय. तुझी म्हस गप्प बसायची बंद कर."

"मग पोरांनी उत्तर कधी द्यायचं?"

"उत्तर तूच दे की. मधी गाणं वाजवू. न्हायतर मग सोमवारपासनं त्या टायमाला जाहिराती लावतो."

"दादा, ती थांबली नाही तर ती सरकीच नाही. मग नुसती बडबडणारी छत्री झाली."

"आगं पर कोण उत्तर देतंय टीव्हीला? खुळं हाय का गाव?"

तोच प्रश्न मी रोज पडद्यामागं बसून स्वतःला विचारत होते. तेवढ्यात पोपट शिडी आपटत वर आला. घामानं निथळत होता आणि भडकलेला होता.

"दादा, ह्या म्हशीला काय तरी करा. आवाज गेला की पोरं नुसती बोंबलत्यात घराघरातनं. मी वर खांबावर, खाली ह्यो कालवा."

"पोरं बोंबलतात? काय म्हणून बोंबलतात?" मी विचारलं.

"टीव्ही बंद पडला म्हणून, आणि काय?"

"शब्द काय असतो त्यांचा?"

"मी वायर बघू का पोरांचं शब्द ऐकू?" पोपट म्हणाला आणि माठाकडं वळला.

ती पोरं उत्तरच देत असतील तर? मी दिनूदादाला म्हणाले, "सोमवारचा कार्यक्रम आपण सकाळी कॅसेटवर घेऊ. चार वाजता पोपट ती लावेल. आपण दोघं गल्लीगल्लीतून फिरू. पोरं टीव्ही बंद पडला म्हणून ओरडत असतील, तर मंगळवारपासून तुमचं गाणं लावा. मी एक शब्द बोलणार नाही." दिनूदादानं गॉगल परत चढवला. "कॅसेट तुझ्यापायी वाया," तो म्हणाला, म्हणजे कबूल झाला.

सोमवारी सकाळी बालवाडीला सुट्टी टाकून, मशीन सुरू व्हायच्या आत, मी तो कार्यक्रम केला. इतका जीव ओतून कधीच केला नव्हता. खाली उतरले तोवर मशीन सुरू झालं होतं, म्हणून अब्बांना ओरडून सांगितलं, "अब्बा, आज कॅसेट है. चार कू मशीन बंद नको करो." त्यांनी कापसाचा ढीग मशीनमध्ये सारत नुसती मान हलवली. चाराला थोडा वेळ असताना दिनूदादाच्या मोपेडवर मागं एका बाजूला पाय टाकून बसले, तेव्हा पाठीमागं मशीनची भुर्रर्र चालूच होती.

पहिल्या गल्लीत शिरलो आणि मला माझाच आवाज भेटला, उघड्या दारांतून, एकदम. सरकीचा तो चिरका, शहाणपणाचा आव आणणारा आवाज सगळ्या गल्लीभर! मी पदर तोंडावर धरला. सरकी म्हणाली, "माझ्याकडं पाच शेंगा होत्या. दोन मी खाल्ल्या. राहिल्या सात! बरोबर ना? सांगा बघू." दिनूदादानं मोपेड बंद केली. सरकी गप्प झाली. गल्ली पण गप्प. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. एका घरात थापटी मारल्याचा आवाज आला. दिनूदादानं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि मोपेडला किक मारली. दुसऱ्या गल्लीत तेच. सरकीनं चप्पल कानात घातली, विचारलं, थांबली आणि उत्तराला एक कोंबडी ओरडली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. दिनूदादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे जैबू. गाणं चांगलं निवडू की आपण," आणि हे इतक्या मायेनं म्हणाला की मला जास्तच वाईट वाटलं.

परत फिरायचं म्हणून आम्ही दूध संस्थेच्या बोळातून वळलो. तिथं एका घराच्या पायरीवर लहान लहान चपलांचा ढीग पडला होता, उलट्यासुलट्या, एकीवर एक. दारात पोरांच्या नुसत्या पाठी. आत जागा नव्हती म्हणून दोघं तिघं खिडकीच्या गजाला लटकलेले. त्या आळीत रंगीत टीव्ही तेवढ्याच घरात होता आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतली सगळी चिल्लीपिल्ली तिथं गोळा झाली होती. आतून सरकीचा आवाज आला, "मी हात नाही धुतले. तसंच जेवू ना?" आणि ती थांबली. क्षणभर काहीच नाही. मग एक बारीक आवाज, मग दुसरा, आणि मग सगळं घर एकदम ओरडलं, "न्हाऽऽय! आधी हात धू!" गजाला लटकलेला एक पोरगा तर तावातावानं मूठ उगारून सांगत होता, "आगं धू की, हात धू की!" आम्हांला बघून घरच्या काकू बाहेर आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "काय सांगू पावणं, रोज चार वाजलं की माझ्या घराची बालवाडी हुतीया. आणि सासूबाई बी मधी बसत्यात, त्यास्नी उठवायचं कुणी?"

त्यानंतर मला मोपेडवर बसवेना. आम्ही ढकलतच पुढच्या गल्लीत, तिथून पुढच्या गल्लीत गेलो. आता कळलं होतं काय शोधायचं ते. चपलांचा ढीग दिसला की थांबायचं. एका गोठ्याशेजारी तर पोरं खऱ्या म्हशीसमोर बसून टीव्हीतल्या म्हशीला शिकवत होती. सरकी विचारायची, थांबायची आणि आधी तो बारीक आवाज, मग दुसरा, मग धबधबा. मी रस्त्यात उभी राहून हसत होते आणि डोळे पुसत होते. मी पडद्यामागं श्वास धरून बसायची त्या प्रत्येक वेळी हे असं चाललेलं होतं, आणि मला पत्ता नव्हता! पुढच्या प्रश्नाला दिनूदादाही "हिरवा, हिरवा" असं पुटपुटला आणि मी बघितलं म्हणून खोकला. मग म्हणाला, "बसू दे गप्प तुझ्या सरकीला. पाहिजे तेवढी बसू दे. त्या म्हाताऱ्याला मी समजावतो."

कॅसेट संपत आली होती. पुढं पिक्चर लावायचा होता म्हणून आम्ही घराकडं वळलो. कोपऱ्यावर आलो आणि मी दिनूदादाला थांबवलं. काहीतरी चुकत होतं. मला आधी कळेना काय, मग कळलं. मशीनचा आवाज नव्हता. आज तर कॅसेट होती. बंद करू नका म्हणून मी ओरडून सांगितलं होतं. अब्बांना काही झालं की काय, बोट अडकलं की काय, या भीतीनं मी पळतच दुकानाच्या खिडकीशी गेले.

अब्बा कापसाच्या ढिगावर मांडी घालून बसले होते. भुवयांवर, दाढीवर पांढरे तंतू. शेजारी चहाची बशी आणि भडंगाचा कागद. फळीवरचा तो टीव्ही पुसून लख्ख केलेला, आणि त्यात सरकी. शेवटचा प्रश्न चालला होता. सकाळी तो मी आयत्या वेळी घातला होता, का ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. सरकी म्हणत होती, "मला सगळं येतं. गादीत काय भरतात? पेंड भरतात, पेंड! बरोबर की नाही?" आणि मग ती थांबली. कान वर, बटणं समोर.

अब्बांनी बशी खाली ठेवली. थोडे पुढं झुकले. हळू आवाजात, आमच्या घरात इतक्या हळू कुणी बोलतच नसे, तिला समजावून सांगितलं, "कापूस, बाई. कापूस भरत्यात."

सरकी अजून थोडा वेळ गप्पच राहिली. घाई कसली नव्हती तिला. मग म्हणाली, "कापूस! बरोबर. शाब्बास." अब्बांनी मान डोलावली, भडंगाचा शेवटचा घास तोंडात टाकला, टीव्ही बंद केला आणि उठून मशीन सुरू केलं.